खोडलेला शब्द

“वैजू, करंगळी बुडव बघू यात,” आई म्हणाली.

मी जेवणाच्या टेबलावर प्रूफं पसरून बसले होते. हातात लाल पेन होतं आणि बोटांना शाई लागली होती. “माझे हात खराब आहेत,” मी म्हणाले.

“मग राहू दे. शाईचं दही कोण खाणार?” तिनं स्वतःची करंगळी दुधात बुडवली, क्षणभर डोळे मिटले आणि पातेलं ओट्याच्या कडेला ओढलं. “चटका बसायला नको आणि गारही वाटायला नको. एवढंच बघायचं असतं. इतकी पुस्तकं वाचलीस, पण हे काही तुला जमलं नाही.”

त्या बुधवारी दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. साताऱ्यात थंडी पडायला लागली होती आणि दुपारी चार वाजताच अजिंक्यताऱ्याची सावली आमच्या कॉलनीकडं सरकायला लागायची. त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून तर तो मला सगळाच्या सगळा आठवतो.

मी तेव्हा एका छोट्या विज्ञानमासिकात मुद्रितशोधक होते. अजूनही आहे. लोकांनी लिहिलेलं वाचायचं, ऱ्हस्वदीर्घ सुधारायचं, चुकीचा शब्द खोडून त्या जागी बरोबर शब्द लिहायचा. वय अडतीस, लग्न केलेलं नव्हतं. आई म्हणायची, “शब्द खोडता खोडता हिनं स्थळंही खोडून टाकली.” हे ती पाहुण्यांसमोरही म्हणायची आणि मग स्वतःच सगळ्यांत जास्त हसायची.

आतल्या खोलीतून आण्णा शिंकले. एकदा, दोनदा, तीनदा.

“घ्या,” आई म्हणाली. “तरी सांगत होते, फलटणच्या लग्नाला जाताय तर अक्षता टाका, जेवा आणि निघा. पण नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत हे मांडवात.”

आण्णा टॉवेलनं नाक पुसत बाहेर आले. “पवाराच्या पोरीचं लग्न. बत्तीस वर्षं एका टेबलावर बसून दूध तपासलं आम्ही. जेवून लगेच निघतो म्हणू त्याला?”

आण्णा दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. गावोगावचं दूध यायचं, त्याचं फॅट काढायचं, नळीत दूध घेऊन त्यात निळ्या औषधाचे थेंब टाकायचे आणि घड्याळ लावून बसायचं. दुधात जंतू जितके जास्त तितका तो निळा रंग लवकर उडतो. लहानपणी मला वाटायचं, माझे वडील दिवसभर बसून रंग उडायची वाट बघतात आणि त्याचा त्यांना पगार मिळतो.

“काय खोडतीयस एवढं?” आईनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“जंतू. या लेखकानं सगळीकडं जंतूच लिहून ठेवलंय. सर्दीचे जंतू, दह्यातले जंतू, टायफॉइडचे जंतू. कुठं विषाणू पाहिजे, कुठं जीवाणू.”

“मग जंतू म्हणजे काय?”

“तसं म्हटलं तर काहीच नाही. सगळ्यांना मिळून म्हणायचा ढोबळ शब्द. छापताना चालत नाही.”

“म्हणजे माझ्या दह्यातले?”

“ते जीवाणू.”

“आणि ह्यांच्या नाकातले?”

“ते विषाणू.”

“विष तो विषाणू, जीव तो जीवाणू. आलं लक्षात.”

“अगदी तसं नाही गं, आई.”

“मला तेवढं पुरे.” तिनं फडताळातून विरजणाची वाटी काढली. ते विरजण लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणात तिनं पुसेगावहून आणलेलं होतं, एस.टी.त मांडीवर वाटी धरून. त्यानंतर एकेचाळीस वर्षं ते चालू होतं. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी राखायचं, एवढंच. आम्ही कुठं गावाला गेलो तर ते खालच्या मजल्यावर तांबोळी वहिनींकडं मुक्कामाला जायचं.

“मी संघात बत्तीस वर्षं जंतू मारले,” आण्णा म्हणाले, “आणि ही बया घरात पाळत बसलीय.”

“पाळलेत म्हणून खाल्लेलं पचतंय तुम्हाला. आणि जंतू नाही म्हणायचं. वैजू खोडेल तुम्हाला.”

तेवढ्यात तांबोळी वहिनीच दारात आल्या, हातात रिकामी वाटी. “मालनताई, थोडं विरजण द्या. आमचं दोन दिवस झाले लागतच नाही. नुसतं दुधाचं पाणी.”

“दूध कुठनं घेता?” आण्णांनी लगेच विचारलं. “गाईला औषध चालू असेल. अँटिबायोटिक टोचलं की ते दुधात उतरतं. तसलं दूध संघात आलं की आम्ही परत पाठवायचो. त्याला दही लागत नाही.”

“म्हणजे औषध गाईला,” आई वाटीत विरजण घालत म्हणाली, “आणि मरतंय आमचं दही.”

सगळे हसले. आण्णा हसता हसता पुन्हा शिंकले, तसा आईनं हातातला चमचा त्यांच्यावर रोखला. “त्या खिडकीपाशी जाऊन शिंका. इथं नको.”

मी प्रूफाकडं वळले. पुढची ओळ होती : ‘प्रतीजैविकांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही.’ मी ‘प्रती’तली दुसरी वेलांटी खोडून पहिली केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या घशात दुखत होतं. दुपारपर्यंत ताप चढला. कपाळाला हात लावला तर चांगलाच भाजत होता.

“दवाखान्यात जाऊ,” मी म्हणाले, पण खुर्चीतून उठले नाही. अंक शनिवारी छापायला जायचा होता आणि निम्मी प्रूफं पडून होती. आमच्या डॉक्टरांकडं नंबर लावायचा म्हणजे अर्धा दिवस गेला असता. आईलाही दवाखाना नको होता. ती म्हणाली, “ह्यांची सर्दी मला लागली, दुसरं काय. आलं घालून चहा दे.”

आण्णांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं, आईजवळ नको म्हणून. त्या चार-पाच दिवसांत आतल्या खोलीत काय चाललंय ते त्यांना दारातूनच कळायचं.

माझ्या कपाटात एक पाकीट होतं. गणपतीत माझी दाढ सुजली होती, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. दोन दिवसांत दुखायचं थांबलं आणि मी त्या सोडून दिल्या. सात उरल्या होत्या.

मी खूप विचार केला असं आता म्हटलं तर ते खोटं होईल. ताप होता, घसा दुखत होता आणि घरात गोळ्या होत्या. मी एक गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आईपाशी गेले. तिनं गोळी तळहातावर घेतली, मला एक प्रश्न विचारला, मी दोन शब्दांत उत्तर दिलं आणि तिनं ती गिळली. मी परत टेबलापाशी आले.

त्या दिवशी दुपारी एक, रात्री एक. मग रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. रविवारी सकाळी सातवी संपली.

शुक्रवारपासून तिचं पोट बिघडलं होतं. अन्नावरची वासना गेली. मी दहीभात कालवून नेला तर तिनं मान फिरवली. “नको गं. वाससुद्धा नको.” ज्या बाईनं कधी दह्याशिवाय ताट संपवलं नव्हतं, तिनं असं म्हटलं तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. मला इतकंच वाटलं की ताप उतरला की खाईल. अंक शनिवारी वेळेवर छापायला गेला. संपादकांनी फोन करून सांगितलं की या खेपेला एकही चूक सापडली नाही.

त्या गडबडीत दूध विरजायचं राहूनच गेलं. एक दिवस, मग दुसरा. विरजणाच्या वाटीत तळाला पिवळसर पाणी सुटलं. ते मी मोरीत ओतून वाटी घासून ठेवली. तेव्हा तेसुद्धा साधं काम होतं.

सोमवारी तिचा खोकला खोल गेला. मंगळवारी सकाळी ती वाक्य पूर्ण करेना. “वैजू, ती…” म्हणायची आणि श्वास घ्यायला थांबायची. आण्णा पहिल्यांदाच दारातून आत आले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि मला काही न विचारता रिक्षा आणायला धावले. सत्तर वर्षांचे होते. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, बहुतेक नुकतीच शिकून आलेली. आईला आत नेलं, नाकावर ऑक्सिजन लावला, आणि ती कागद घेऊन आमच्याजवळ आली. पायजम्याखाली आण्णांची अनवाणी पावलं दिसत होती. तिनं भराभर काही विचारलं. वय, साखर, रक्तदाब. मग म्हणाली, “घरात आधी कुणाला सर्दी, ताप?”

“मला,” आण्णा म्हणाले. “मी लग्नाला गेलो होतो. तिथनं मीच आणली.”

तिनं लिहून घेतलं. “आणि दवाखान्यात यायच्या आधी घरी काही औषधं? एखादं अँटिबायोटिक वगैरे?”

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले. “फक्त तापाची गोळी.”

का म्हणाले, ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. भीती वाटली म्हणून नव्हे. डॉक्टर रागावली असती असंही नाही. मला लाज वाटली. ज्याला काही माहीत नसतं तो माणूस असं करतो, आणि मला माहीत होतं. लाल शाईनं मी ते इतरांना शिकवत होते.

तिनं त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

दोन दिवस आम्ही बाकावर बसून होतो. भेटायच्या वेळी एकेकाला आत सोडायचे. आईचे ओठ निळसर झाले होते. आण्णा आत गेले की ते बोलायचे नाहीत, तिचा हात धरायचे नाहीत, नुसते तिच्या ओठांकडं बघत बसायचे. काचेतून मला ते दिसायचं. जन्मभर ते निळा रंग उडायची वाट बघत आले होते. कधी तो लवकर उडावा असं त्यांना वाटलं नसेल. त्या दोन दिवसांत वाटत होतं.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता आई गेली. डॉक्टर म्हणाली, आधी फ्लू आणि त्यावर न्यूमोनिया, या वयात होतं असं. आण्णांनी तिला हात जोडले. मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, “फलटणला गेलो नसतो तर.”

मला तेव्हा बोलता आलं असतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि लोकांना वाटलं, मुलगी बापाला धीर देतेय.

चौदाव्या दिवशी तांबोळी वहिनी वर आल्या. वाटीवर ताटली झाकलेली होती. “विरजण आहे,” त्या म्हणाल्या. “मालनताईंचंच. त्या बुधवारी नेलं होतं ना मी. दूध बदललं, तसं लागलं. तुमच्याकडचं गेलं असेल या सगळ्यात, म्हणून आणलं.” वाटी ओट्यावर ठेवून त्या जिना उतरून गेल्या.

ती वाटी मला हातात घेववेना. आण्णांनी घेतली. त्या दिवसापासून विरजण त्यांचं काम झालं. आईसारखी करंगळी नाही, ते थर्मामीटर लावायचे. संघातून निवृत्त होताना आणलेला काचेचा लांब थर्मामीटर दुधात उभा धरायचे, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचे आणि बेचाळीसवर आला की चमचाभर विरजण घालायचे. एकाही दिवसाचा खाडा नाही.

फक्त सर्दी झाली की ते दुधाच्या जवळ यायचे नाहीत.

ते दुधाच्याच नव्हे, कुणाच्याच जवळ यायचे नाहीत. नाकातून पहिलं पाणी आलं की आपलं ताट-वाटी-पेला उचलायचे, आतल्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. मी ताट दाराशी ठेवून चार पावलं मागं सरले की मगच दार उघडायचं. सर्दी पाच दिवसांत गेली तरी ते आठ दिवस आत. लग्नाला जायचं त्यांनी सोडलं. भाचीच्या लग्नाला गेले नाहीत, पवारांच्या पंचाहत्तरीला गेले नाहीत. कुणी घरी येऊन फार आग्रह केला तर सांगायचे, “एका लग्नाला गेलो होतो. घरात माणूस राहिलं नाही.” हे ते अगदी साध्या आवाजात सांगायचे, गाडी चुकल्याचं सांगावं तसं. मी तिथंच चहाचे कप गोळा करत असायचे.

दोन माणसांचं घर आणि मधे एक दार, अशी नऊ वर्षं गेली. या काळात मी कितीतरी वाचलं. दुःखावर वाचलं, अपराधावर वाचलं, इतर देशांतल्या मुलींनी आपल्या आयांवर लिहिलेलं वाचलं. कुठल्याही पानावर मला माझ्या त्या ‘नाही’बद्दल काही सापडलं नाही. स्वतःची समजूत घालायला मात्र एक वाक्य सापडलं होतं : गोळीनं काही बिघडलं नाही, फक्त उपयोग झाला नाही. विषाणूवर परिणामच होत नाही म्हटल्यावर वाईट परिणाम तरी कुठून होणार. या वाक्याला टेकून मी दिवस काढत होते.

मग तो लेख आला.

कराडचे एक निवृत्त प्राध्यापक, हातानं लिहून पाठवायचे. विषय होता, आपल्या शरीरातले सूक्ष्मजीव आणि प्रतिकारशक्ती. संपादकांनी मजकूर टाइप करून घेतला आणि प्रूफं माझ्याकडं घरी पाठवली. आण्णांच्या सर्दीचा तो तिसरा दिवस होता, म्हणून मी घरूनच काम करत होते. दुपार उतरत आली होती. आतल्या खोलीत आण्णा शिंकत होते, एकदा, दोनदा, तीनदा.

प्राध्यापकांनी सगळीकडं ‘जंतू’ लिहिलं होतं. मी पेन घेतलं.

त्यांनी लिहिलं होतं की आपल्या आतड्यांत अब्जावधी जंतू राहतात. मी ‘जीवाणू’ केलं. ते फक्त अन्न पचवत नाहीत, शरीराच्या पहारेकऱ्यांना जागंही ठेवतात. चुलीत राखेखाली निखारे जपावेत तसे ते प्रतिकारशक्ती धगधगती ठेवतात, म्हणजे बाहेरचा जंतू आला की लगेच जाळ करता येतो. इथं ‘विषाणू’ केलं. मग प्रयोग होता. काही उंदरांना बरेच दिवस अँटिबायोटिक दिलं, त्यांच्या आतड्यांतले जंतू जवळजवळ संपवले. ‘जीवाणू.’ मग त्यांना आणि औषध न दिलेल्या उंदरांना फ्लूच्या जंतूचा संसर्ग केला. ‘विषाणूचा.’ औषध दिलेल्या उंदरांचं शरीर उशिरा जागं झालं. त्यांच्या फुप्फुसांत विषाणू जास्त वाढला आणि ते जास्त आजारी पडले.

पुढं प्राध्यापकांनी नीट इशारा दिला होता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांत हे कितपत घडतं यावर अजून काम चालू आहे. गरज असेल तेव्हा अँटिबायोटिक जीव वाचवतं, न्यूमोनियात ते द्यावंच लागतं. आणि एखाद्या रुग्णाच्या बाबतीत तसं झालं असेल का, ते यावरून सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते आठवत नाही. त्यात कुठं चूक नव्हती. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

सांगता येत नाही. म्हणजे गोळ्यांनी काही केलं असंही नाही आणि काही केलं नाही असंही नाही. टेकायला होतं तेवढंही गेलं.

शेवटचा परिच्छेद होता : ‘घरात उरलेली गोळी घेतली की जंतू मरतात आणि आजार बरा होतो, हा समज आपण सोडला पाहिजे.’ पेन त्या ‘जंतू’वर नेलं आणि थांबले. इथं काय करायचं? जीवाणू म्हणावं की विषाणू? त्या समजुतीत कुठलाच बसत नव्हता. ती समजूत टिकून होती ती या ढोबळ शब्दावर. पहिल्यांदाच मला तो शब्द खोडता आला नाही.

“वैजू,” दाराआडून आण्णांचा आवाज आला. नाक चोंदल्यामुळं जाड झालेला. “दूध तापवलंस?”

“हो.”

“विरजून टाक. थर्मामीटर खिडकीत आहे. बेचाळीस. त्याच्या वर घातलंस तर मरतील.”

“घालते.”

मी उठले नाही. मग उठले, पण ओट्याकडं गेले नाही. प्रूफाचा कागद घेऊन त्यांच्या दाराशी फरशीवर बसले.

“तू दाराशी का बसलीयस? मागं सर. फटीतनं येतं ते.”

“आण्णा, एक लेख आलाय. वाचून दाखवू?”

“दुधावर आहे?”

“दह्यावर म्हणा.”

“वाच.” मी तो भाग वाचून दाखवला, निखारे, उंदीर, फुप्फुसं, सगळं. इशाऱ्याचा परिच्छेदही वाचला. आवाज स्थिर होता. मला सवय आहे, प्रूफ मोठ्यानं वाचायची.

“हे आम्हाला ठाऊक होतं की,” आण्णा म्हणाले. “औषध दिलेल्या गाईचं दूध विरजत नाही. आत जे पाहिजे तेच मेलेलं असतं.” मग म्हणाले, “पण मला सांग, त्या उंदरांत तो फ्लू सोडला कुणी?”

“संशोधकांनी.”

“म्हणजे सोडणारा होताच ना कुणीतरी.” ते खोकले. “तो सोडलाच नसता, तर गोळ्या खाऊनसुद्धा उंदीर हिंडत राहिले असते. आधी आणणारा. मग बाकीचं.”

आत खुर्ची करकरली. ते दारापासून आणखी लांब जाऊन बसले असावेत, माझ्यासाठी.

नऊ वर्षं मी त्यांना समजावत आले होते की सर्दी कुणाचीही कुणालाही होते, तुम्ही मुद्दाम आणली नाहीत. ते मान हलवायचे. माझ्या समजावण्यातला पोकळपणा त्यांना कळत नव्हता, मला कळत होता. त्यांच्या हिशेबात दोनच माणसं होती, ते आणि आई. तिसऱ्या माणसाची जागा मी रिकामी ठेवली होती, त्या डॉक्टरच्या कागदावर, त्या आडव्या रेघेत. आज विज्ञानानं त्यांच्या पुढ्यात ती जागा आणून ठेवली तरी ते तिथं मला बघत नव्हते. स्वतःलाच आणखी घट्ट धरत होते.

“वैजू? गेलीस का? दूध गार होईल.”

ओट्यावरचं दूध खरंच गार होत असणार. मी दाराला पाठ टेकवली. लाकूड थंड होतं.

“आण्णा,” मी म्हणाले, “त्या दिवशी डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले होते. तुम्हाला विचारलेल्याचं तुम्ही खरं उत्तर दिलंत. दुसऱ्याचं उत्तर मी दिलं. ते खोटं होतं.”

खुर्ची करकरायची थांबली.

“आईला मी गोळ्या दिल्या होत्या. माझ्या दाढेच्या उरलेल्या, अँटिबायोटिकच्या. गुरुवारपासून रविवारपर्यंत, सात. तुम्ही बाहेरच्या खोलीत होता, तुम्हाला माहीत नव्हतं. त्या गोळ्यांनी काय झालं, ते मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण दिल्या मी, आणि लपवल्याही मीच.”

मी प्रूफाच्या कागदाची घडी घातली.

“पहिली गोळी हातावर घेऊन तिनं मला विचारलं होतं, आण्णा. तिच्या नीट लक्षात राहिलं होतं. म्हणाली, ‘वैजू, ह्यानं कुठले मरतात गं? जीवाणू का विषाणू?’ मला प्रूफं संपवायची होती. मी म्हटलं, ‘जंतू मरतात.’”